पोटरीवरचा बिब्बा

निरवांगी
२७ ऑक्टोबर २०२५

दादा,

शाळेत पत्राचा मायना शिकवला होता तो मी विसरले, आणि आठवला असता तरी तुला लिहिला नसता. ज्यानं पाच वर्षं सख्ख्या बहिणीचा नंबर ब्लॉक करून ठेवला त्याला कसलं तीर्थरूप म्हणायचं? पोस्टात टाकतेय, कारण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. वहिनी, तुमच्या हातात पडलं तर आधी तुम्हाला नमस्कार. मग हे त्याच्या हातात द्या आणि वाचून दाखवू नका. सातवीपर्यंत शिकलाय, वाचू दे त्याला स्वतः.

माझ्या उजव्या पायाच्या पोटरीत गाठ आहे. उन्हाळ्यात लग्नसराईची ब्लाउजं शिवत होते तेव्हा मशिनचा पायटा दाबला की आत खडा अडकल्यासारखं वाटायचं. म्हटलं पेटका असेल, तेल लावत राहिले. लिंबाएवढी होती ती आता बटाट्याएवढी झाली. दुखत नाही, म्हणून मी फसले. गावातले डॉक्टर म्हणाले चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांत काढून टाकू. आमच्या वृषालीनं ऐकलं नाही, पोटची पोर आहे. पुण्याहून सुट्टी काढून आली आणि मला बारामतीला घेऊन गेली. तिथं त्या बोगद्यासारख्या मशिनमध्ये घालून फोटो काढले. मी आतमध्ये डोळे मिटून तुझ्या नावानं बोटं मोडत होते, तेवढाच वेळ बरा गेला.

दर गुरुवारी पुण्याहून एक मोठे डॉक्टर येतात. माणूस चांगला आहे, समजेल असं बोलतो. म्हणाले, ''मावशी, ही साधी गाठ वाटत नाही. मांसात वाढणारा एक कॅन्सर असतो, फार थोड्या लोकांना होतो. तो आहे की नाही ते आतला तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.'' त्याला बायोप्सी म्हणतात. जाड सुई घालून तुकडा काढतात. सुई कुठून घालायची तेसुद्धा त्यांनी फोटो बघून ठरवलंय, कारण सुई जिथून जाते ती वाट पुढं ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर काढून टाकावी लागते. भलतीकडून टोचलं तर रोग त्या वाटेनं जातो म्हणे. पायाची मोठी नस अजून गाठीपासून मोकळी आहे, वेळेत सगळं झालं तर पाय ठेवता येईल असं म्हणाले. तोवर त्या जागेला चोळायचं नाही, शेकायचं नाही, काही लावायचं नाही.

सहा तारखेला, गुरुवारी सकाळी बोलावलंय. तू ये.

एवढं एकच मागायला हे पत्र लिहिलं. तुझ्या इंद्रजितला मी वृषाली दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटत नाही. ''भाचीवर मामाच्या घराचा पैला हक्क हाय'' म्हणून तू आमच्या अंगणात ओरडलास, आणि मी चार माणसांत नाही म्हटलं. पोरीला शिकायचं होतं, ती शिकली. इंद्रजितचंही चांगलं झालं, बायको गुणाची मिळाली, मुलगा झाला असं तुमच्याकडं फिरणाऱ्या कोऱ्हाळ्याच्या बांगडीवालीकडून कळलं. मग कुणाचं काय बिघडलं? माझंच बिघडलं. परवाच्या भाऊबीजेलासुद्धा मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे आणि तरी मी ताट घेऊन अंगणात उभी राहते, शेजारणी बघतात.

मला भीती वाटते, दादा. तुझ्या दाजींना सांगता येत नाही, ते माझ्याहून जास्त घाबरलेत. परवा म्हशीची धार काढता काढता रडत होते आणि मला म्हणाले धूर गेला डोळ्यात. तिथं धूर कुठला आला? वृषाली सगळ्या गोष्टी इंग्रजीत वाचते आणि मोबाइल पालथा घालून ठेवते. माझ्याजवळ कुणीतरी असं हवं आहे की ज्याच्यापुढं मी लहान होऊन रडले तरी चालेल. बारामती तुला माझ्यापेक्षा जवळ आहे.

मनी


निरवांगी
२ नोव्हेंबर

दादा,

काल तू गेल्यावर तुझे दाजी म्हणाले, ''तुझा भाऊ आला काय आन तुझी चाल बदलली काय.'' मी खरंच लंगडत नव्हते.

आता तू ब्लॉक काढलास, पण फोनवर तू ''बोल'' म्हणतोस आणि नंतर फक्त श्वास ऐकू येतो. म्हणून लिहिलेलंच बरं. पत्रात मला मध्येच थांबवता येत नाही तुला.

गाडीचा आवाज आला तेव्हा मला वाटलं दूधवाला असेल. तू उंबऱ्याबाहेर उभा राहून ''हाय का कोन घरात?'' असं विचारलंस, जसा काही लाइटचं मीटर बघायला आलायस. मी आतून आले आणि दोघंही तसेच उभे. नंतर तू शेंगांची पिशवी पुढं केलीस आणि म्हणालास, ''वल्ल्या हायत, वाळीव.'' पाच वर्षांनी भावानं बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य हे. मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते तू बघितलंसच.

तुझ्या नातवासाठी शिवलेलं झबलं अन् टोपरं तुला दिलं, ते त्याला आता बसेल की नाही कोण जाणे. बारशाच्या वेळचं आहे. दोन लुगड्यांच्या मध्ये ठेवलेलं होतं.

तुझे दाजी दूध घालायला गेले तेव्हा खाटेवर बसून तू माझा पाय मांडीवर घेतलास आणि गाठ दाबून बघितलीस, आबा मेंढराचा पाय बघायचे तशीच. आबांसारखीच जीभ दातांत धरतोस तू. मग म्हणालास, ''सुई कशाला घुसवतीयास मने? गाठ छेडली की पसरती. आपल्या वाडीवरच्या चुलतीला दवाखान्यात टोचलं, आन चार म्हयन्यात गेली. आबांनी कितींच्या गाठी बसवल्या, ठावं न्हाय व्हय तुला?'' आणि खिशातून पुडी काढलीस. तू घरूनच बिब्बे घेऊन आला होतास. माझं पत्र वाचून तू डब्यात, माळ्यावर, सगळीकडं बिब्बे शोधत फिरला असशील हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

डॉक्टरांनी त्या जागेला काही लावू नका म्हणून सांगितलेलं मला आठवत होतं. तुला खोटं कशाला सांगू? तू चुलीवर बिब्बा गरम करून दाभणावर तेल घेतलंस आणि गाठीभोवती कडं काढायला लागलास तेव्हा ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण तुझं डोकं माझ्या गुडघ्यापाशी वाकलेलं होतं. केस केवढे पांढरे झालेत रे तुझे. एकदा तुला नाही म्हटलं त्याची पाच वर्षं झाली. पुन्हा नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

आज जरा चुरचुरतंय. बिब्बा उतला की फोड येऊन थोडं पाणी धरतंच, हे आपल्याला का नवीन आहे? खोबरं उगाळून लावलंय. तुझ्या दाजींना काही बोलले नाही, लुगड्याखाली कुणाला दिसतंय. तू काळजी करू नकोस.

गुरुवारी ये मात्र. सुईला तुझा विरोध असला तरी ये. नुसता बाकावर बस.

मनी


निरवांगी
७ नोव्हेंबर

दादा,

काल तू जिना उतरून कधी गेलास ते कुणालाच कळलं नाही. तुझे दाजी तुला चहाला शोधत खालपर्यंत जाऊन आले.

झालं ते बरं झालं नाही, पण तू तिथं होतास म्हणून सगळं लिहून मोकळं व्हावं म्हणते. सकाळी मला हिरवा झगा दिला, बांगड्या काढायला लावल्या. दोन काचेच्या निघेनात, त्या नर्सनं साबण लावून काढल्या. रक्त आधीच तपासलं होतं, ते चांगलं होतं. टेबलावर पालथं झोपवलं. मी तोंड भिंतीकडं केलं होतं. नर्सनं पायावरचं कापड बाजूला केलं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली, तेव्हाच मला कळलं. चार दिवसांत फोडांचं काय झालं होतं ते मी कुणाला दाखवलं नव्हतं. तुलाही चुरचुरतंय एवढंच लिहिलं होतं.

डॉक्टरांनी तुम्हा सगळ्यांना आत बोलावलं. इतका शांत माणूस, पण त्यांचा आवाज चढला. ''हे कुणी केलं? मी काय सांगितलं होतं? अशा पिकलेल्या कातडीतून मी सुई घालू शकत नाही, आतली गाठ नासेल.'' तुझे दाजी म्हणाले, ''मग सायेब, दुसरीकडनं घाला की.'' तर म्हणाले, ''दुसरीकडून घातली तर पाय वाचवायची वाटच बंद होईल. हे भरून येईपर्यंत थांबायचं. आणि थांबणं मला परवडत नाही, हे तुम्हाला कळतंय का?''

मग पुन्हा विचारलं, कुणी केलं. मी मान वळवली तर वृषाली माझ्याकडं बघत होती. तू दाराला टेकून उभा होतास, टोपी हातात. मी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं आणि म्हटलं, ''मीच लावलं. बाजारातनं बिब्बा आणला आन लावला.'' डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. तुझे दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, ''आगं, तुला अक्कल हाय का न्हाय?'' आमच्या संसारात ते मला कधी असं बोलले नव्हते.

तू गप्प राहिलास ते बरंच केलंस. बोलला असतास तर तिथं तमाशा झाला असता. वृषालीनं तुला सोडलं नसतं. मी खोटं बोलले ते तू गप्प राहावंस म्हणूनच बोलले.

आता रोज मलमपट्टी आहे. गोळ्या चालू केल्यात. ये म्हणत नाही, थोडे दिवस जाऊ देत. फोन तेवढा चालू ठेव.

मनी


बारामती
२६ नोव्हेंबर

दादा,

फोन बंद. गेल्या पत्राला उत्तर नाही. गप्प राहिलास ते बरं केलंस असं मी लिहिलं होतं, आता ते परत घेते.

मला तुझा राग आलाय. बिब्ब्याचा नाही. बिब्बा तू मायेनं लावलास आणि मी मायेनं लावून घेतला, त्यात आपण दोघं सारखेच अडाणी. राग आलाय तो तू त्या दाराला टेकून उभा राहिलास त्याचा. मी खोटं बोलले तेव्हा मनातून मला वाटत होतं, आता दादा पुढं येईल आणि म्हणेल, न्हाय सायेब, म्या लावला. मी वाट बघत होते रे. पालथी पडून भिंतीकडं बघत मी तुझ्या चपलेचा आवाज ऐकत होते, आणि तो जिन्याकडं गेला.

मला इथं दवाखान्यात ठेवलंय. जखम चिघळली, ताप भरला, पू पोटरीभर पसरला होता. रोज धुतात. धुताना मी आईला हाक मारत नाही, आबांना मारते, का ते माहीत नाही. शेजारच्या खाटेवर सणसरची एक म्हातारी आहे, तिचा खुबा मोडलाय, ती मला म्हणते, ''रड की मोठ्यानं, हितं कोन तुझं सासू-सासरं हायत?''

परवा वहिनी येऊन गेल्या. तुला न सांगता आल्या, तर तू त्यांना बोलू नकोस. सांगत होत्या, तू घरात जेवत नाहीस, उसाच्या ट्रॅक्टरबरोबर सोमेश्वरनगरला जातोस आणि गाडी खाली झाली तरी तिथंच कारखान्याच्या गेटबाहेर बसून राहतोस. तुझ्या दाजींना तेव्हाच सगळा उलगडा झाला. वहिनींच्या तोंडावरून त्यांनी ओळखलं. मला वाटलं आता भडकतील. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, ''त्यो तरी काय करंल? त्याला तेवढंच येतंय.'' वृषाली मात्र पेटलीय. तिला मी समजावू शकत नाही, समजावणारही नाही. तिचा राग तिच्या आईवरच्या मायेचा आहे.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढले. गाठ वाढलीय. मोठ्या नसेला जाऊन भिडलीय, असं वृषालीला सांगत होते, मला झोप लागलीय असं समजून. कातडी वरच्या अंगाला थोडी कोरडी झालीय, पुढच्या गुरुवारी तिथून बायोप्सी करतील.

मी सुईला भीत नाही आता. मला तुझ्या न येण्याची भीती वाटते. आबा गेले, आई गेली, माझं लहानपण ठाऊक असलेला तू एकटा उरलास. कोकणातून मेंढरं घेऊन येताना घाटात मला खांद्यावर घेतलंस, मी तुझ्या मुंडाशातून उवा काढत होते, हे आता दुसऱ्या कुणाला सांगायचं? तूही गेटबाहेर बसून राहिलास तर ते सगळं माझ्या एकटीचं होईल, आणि मी किती दिवस आहे ते कोण सांगणार.

मनी


निरवांगी
१७ डिसेंबर

दादा,

काल तू वृषालीला फोन केलास. तिनं मला सांगितलं. तू ''वृषालीबाय'' म्हणालास आणि एकच विचारलंस, ''पाय माझ्यामुळं चाललाय का?'' ती म्हणाली, मामा, ते आईला विचार. पोरगी कडक आहे, पण फोन ठेवल्यावर ती तुझ्यासाठी रडली. हे तिला कळू देऊ नकोस.

तर आता मी सांगते, नीट वाच. दोनदा वाच.

बायोप्सी झाली. भूल दिलेली होती, आत टकटक आवाज आला तेवढाच. नर्सनं माझा हात धरला होता. निकाल यायला वेळ लागला, तुकडा मुंबईपर्यंत जाऊन आला. तोच निघाला, त्यांना पहिल्या दिवशी वाटला होता तोच, फार थोड्यांना होणारा. त्याचं नाव सार्कोमा. फुप्फुसात काही गेलेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे, सगळे मला सारखं तेच सांगतात. पुढच्या मंगळवारी पुण्यात ऑपरेशन आहे. पाय गुडघ्याच्या वरून काढणार.

तुझ्यामुळं नाही.

डॉक्टरांना मी स्वतः विचारलं. ते म्हणाले, पाय पहिल्यापासूनच जाणार होता. नस मोकळी आहे असं मी तुला लिहिलं होतं ना, ते माझं ऐकण्यात चुकलं होतं. बोगद्यातून बाहेर आले होते, कानात अजून घणघण चालली होती, काय ऐकलं नि काय लिहिलं. पहिल्या फोटोतसुद्धा गाठ नसेला चिकटलेलीच होती. सुई त्या गुरुवारी झाली असती तरी हेच झालं असतं. बिब्ब्यानं वरची कातडी गेली, दुसरं काही झालं नाही. ते सगळं आता तसंही जाणारच आहे.

हे वृषालीला विचारू नकोस. ती शिकलेली असली तरी तिला यातलं सगळं कळतं असं नाही. डॉक्टरांकडंही जाऊ नकोस, त्यांच्यापुढं रांग असते, त्यांना एकेकाशी बोलायला वेळ नसतो. मी सांगतेय ते धर आणि घरी जाऊन जेव. वहिनींनी केलेलं जेव.

मागच्या पत्रात मी रागानं लिहिलं, ते फाडून टाक. राग गेला असं म्हणणार नाही, पण मला आता त्याचं ओझं होतंय. माझ्याजवळ तुझ्याशी भांडत बसायला पूर्वीसारखा वेळ असेल की नाही, कुणी सांगत नाही.

तुझे दाजी मशिनला मोटर बसवून आणणार म्हणतात, म्हणजे पायटा लागणार नाही. इंद्रजितच्या पोराला यंदा अंगरखा शिवेन म्हणते, माप घेऊन ठेव. लाकडी पाय, जयपूर पाय, असलं काय काय वृषाली दाखवत असते. मी हो हो म्हणते. खरं सांगू का, संध्याकाळी अंगणात बसून मी पायाची बोटं हलवत बसते आणि ती हलतात, तेव्हा मला इतकं रडू येतं की तोंडात पदर कोंबावा लागतो. हे फक्त तुला लिहिलं. दुसऱ्या कुणाला सांगू नकोस.

रविवारी ये. मंगळवारी दवाखान्यात ये म्हणत नाही, तिथं तुला पुन्हा दारं आणि जिने दिसतील. रविवारी घरी ये, सकाळच्या उन्हात ये. गाडी घेऊन दारापर्यंत येऊ नकोस, एसटीनं ये आणि फाट्यावर उतर. डॉक्टरांनी चालायला नको म्हटलंय, पण आता त्या पायाला जपून तरी काय करायचंय? मी हळूहळू निघेन. तू उतरशील तेव्हा मी फाट्यावर उभी असेन, तुला न्यायला माझ्या दोन पायांनी चालत आलेली.

मनी